रेडिएटरमधली हळद

आमच्या जीपला हँडब्रेक नव्हता. म्हणजे दांडा होता, ओढला की करकरत वरही यायचा, पण चाकांना त्याची काही खबर नसायची. म्हणून गाडीत कायम एक काळा दगड ठेवलेला असे आणि तो चाकाला लावायला घरातलं एक माणूस. आधी हे माणूस म्हणजे ताई होती. तिचं लग्न ठरलं तसं मायचं म्हणणं पडलं, की पोरीचे हात आता जरा मऊ राहू द्या. झालं, दगड माझ्याकडे आला. मला भयंकर राग आला होता. माझ्या हातांची काळजी कुणालाच नव्हती.

जीप मूळची साखर कारखान्याची. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथे ड्रायव्हर होते. चेअरमन साहेबांची हीच जीप ते वर्षानुवर्षं चालवत आले होते. पुढे साहेबांना नवी गाडी आली आणि ही जीप मागच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या ताब्यात गेली. मग लागोपाठ पाऊस हटला. ऊसच नाही म्हटल्यावर गाळप बंद झालं, ड्रायव्हर लोक घरी बसले आणि शेडमधलं भंगार लिलावात निघालं. त्या भंगारातून आप्पांनी ही जीप आणि तिच्यामागचा दोन चाकी ट्रेलर सोडवून आणला. गावात शिरले ते वाजतगाजतच म्हणायचे, कारण सायलेन्सर फुटका होता.

माय दारात उभी होती. तिने जीप बघितली, बोनेटमधून निघणारी वाफ बघितली, आणि जीपखाली जमिनीवर पडलेला ओला डाग बघितला.

"अवो, मानसाला प्याया पानी न्हाई, आन् तुमी पानी पिनारी गाडी आनली?"

तिचं खरंच होतं. टँकर गावातल्या चौकात थांबायचा आणि आमच्या वस्तीपर्यंत येईतो त्यात तळाचं गढूळ पाणी उरायचं. ते आम्ही फडक्याने गाळून प्यायचो. आणि जीपचं रेडिएटर ते पाणी माणसासारखं मागायचं. माय रोज शिव्या द्यायची आणि रोज एक घागर जीपसाठी बाजूला काढायची. कपडे धुऊन, भाजी धुऊन उरलेलं पाणी त्या घागरीत जायचं. आप्पा म्हणायचे, साबणाने रेडिएटर खराब होतं. माय म्हणायची, "मंग तिला उपाशी ठेवा." त्यावर आप्पा साबणाचं पाणी ओतायचे.

जीप सेल्फवर कधी सुरू झाली नाही. तिला उतार लागायचा. आप्पांनी अंगणात मुरूम टाकून एक उतार करून घेतला होता. त्याच्या माथ्यावर जीप उभी असायची, मागच्या चाकाला दगड. दगड काढला की जीप आपसूक घरंगळायची, फाटकापाशी आप्पा क्लच सोडायचे, ती खोकायची आणि सुरू व्हायची. बाहेरगावी गेलं तरी हेच. आप्पा चहाला थांबायचे ते हॉटेल बघून नाही, उतार बघून. सपाटीवरचा कितीही चांगला चहा आमच्या नशिबात नव्हता.

बाकी जीप घरात चांगली रुळली होती. बोनेटवर मायच्या मिरच्या वाळायच्या. शेडमधल्या कोंबड्या सुटल्या, पण इथल्या कोंबड्यांनीही तीच जागा धरली. मी मागच्या सीटवर बसून कॉलेजचा अभ्यास करायची, कारण घरात तेवढा निवांतपणा नव्हता. पण पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट मात्र रिकामी ठेवायची. तिच्यावर आप्पांचा धुतलेला टॉवेल घडी करून ठेवलेला असे. ती साहेबांची सीट. साहेब केव्हाच नव्या गाडीत बसून गेले होते, तरी आप्पांनी तिथे ना कधी मायला बसवलं, ना आम्हाला. मी एकदा बसले तर म्हणाले, "बारके, मागं." रागावून नव्हे. वर्गात मास्तर जागा दाखवतात तसं.

आता लग्नाचं सांगते, कारण जीपची खरी परीक्षा तिथे झाली.

मुलगा सिरसाळ्याकडचा, दूध संघात नोकरीला. ताईला तो आवडला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याचं नाव निघालं की ती भाकरी करपवायची, त्यामुळे सगळ्यांना कळलं होतं. लग्न आदल्या उन्हाळ्यात व्हायचं ते पाण्यावाचून पुढे ढकललं. पुढचा उन्हाळा त्याहून वाईट निघाला. मुलाचे वडील घरी आले, पाणी न मागता गूळ तोंडात टाकला आणि म्हणाले, "पाव्हणं, वऱ्हाड आनायचं म्हंजे मानसाला घोटभर पानी तरी पाजाया पायजे. न्हाई जमत तर पाऊस झाल्यावर बघू."

पाऊस झाल्यावर. त्या दिवसांत ह्या शब्दांवर कुणाचा भरवसा नव्हता. शिवाय त्या मुलाला इतर स्थळंही येत होती, आणि ती आमच्या कानावर यावीत इतक्या मोठ्याने येत होती. ताई आत चुलीपुढे बसली होती. तिची पाठ मला दिसत होती. ती रडत नव्हती, पण तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही.

आप्पा म्हणाले, "पान्याचं माझ्याकडं लागलं. तारीख हलवायची न्हाई."

म्हणजे लग्न पाण्यावर आलं, आणि पाणी जीपवर. मला तर वाटलं, संपलं सगळं.

कारखान्याच्या क्वार्टर्सजवळच्या विहिरीला अजून पाणी होतं. इतकी वर्षं नोकरी केलेली, त्या ओळखीवर आप्पांनी परवानगी मिळवली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. ट्रेलरमध्ये पत्र्याचे ड्रम, जीपमध्ये पुढे आप्पा, मागे मी आणि पायापाशी दगड. पाणी शेंदून ड्रम भरेपर्यंत माझे हात सोलून निघाले. स्वच्छ, गार पाणी होतं. बऱ्याच दिवसांनी मी पाण्यात तळ बघितला. ड्रमची तोंडं आप्पांनी प्लास्टिकने बांधली, वरून मायची जुनी लुगडी ओली करून टाकली आणि आम्ही परत फिरलो.

तेलगावच्या फाट्यावर आत्या उभी होती. ही आप्पांची मोठी बहीण. लग्नासाठी एसटीने आली होती. काखेत कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर उशीर झाल्याचा राग. ती सरळ पुढच्या दाराकडे गेली.

"आक्का, मागं बस," आप्पा म्हणाले.

"कावून? मोरं जागा हाय की."

"ती साहेबाची हाय."

आत्याने वाकून त्या सीटवरच्या टॉवेलकडे बघितलं. "बरं बाबा. साहेब झोपलेत का?" असं म्हणत ती मागे चढून माझ्याशेजारी बसली.

गाडी चालू झाल्यावर सायलेन्सरच्या आवाजात आत्याने माझ्या कानाला तोंड लावलं आणि पिशवीतली एक पुरचुंडी दाखवली. मी नाकाने ओळखलं. हळद होती. भाजीची नव्हे, नवरीची. आत्याने स्वतः हळकुंडं आणून जात्यावर दळलेली.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्यांच्यानंतर आप्पा त्यांच्यापेक्षाही कडक निघाले. बैठकीच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या होत्या, आणि लग्न ठरल्यादिवशीच आप्पांनी सांगून टाकलं होतं, की वंदना होईल, पंचशील होईल, हार घातले जातील, पण हळद वगैरे जुनं काही माझ्या घरात होणार नाही. आत्याला हे अजिबात पटलं नव्हतं. "भाजीत चालती, मंग पोरीच्या अंगाला कावून चालत न्हाई?" हा तिचा प्रश्न होता, आणि आप्पांकडे त्याचं उत्तर असलं तरी मोठ्या बहिणीपुढे ते तोंडातून निघत नसे. म्हणून आत्याने भांडण सोडून दिलं होतं आणि सरळ हळद आणली होती.

"तुज्या बापाला सांगू नको," ती म्हणाली. "संध्याकाळी गुपचूप लावू. त्येला काय कळतंय."

मी मान हलवली. मला आत्याचंही पटत होतं आणि आप्पांचंही, आणि त्या वयात दोघांचं पटलं की माणूस गप्प बसतं.

दिंद्रुडच्या रस्त्याला लागून थोडं पुढे आलो आणि जीपच्या नाकातून वाफ निघायला लागली. आधी बारीक, मग अशी की समोरचा रस्ता दिसेना. तशाही अवस्थेत आप्पांनी जीप थांबवली नाही. ते उतार शोधत होते. शेवटी एका कोरड्या ओढ्याकडे रस्ता उतरत होता तिथे त्यांनी ब्रेक दाबला आणि ओरडले, "बारके, दगड!" मी उडी मारली, दगड लावला. ट्रेलरचं ओझं मागे होतं, त्यामुळे आत्यालाही उतरवून तिच्याकडून रस्त्याकडेचे दोन धोंडे आणवले.

बोनेट उघडलं. रेडिएटरच्या खालच्या अंगाला फट गेली होती. थेंब नव्हे, धारच लागलेली. आप्पांनी इंजिन निवू दिलं, मग टोपणाला फडकं गुंडाळून ते काढलं. आत ठणठणीत कोरडं होतं. जीपची रोजची घागर विहिरीकडे जातानाच संपली होती, आणि विहिरीवर भरलेलं पाणी ह्या फटीतून निघून गेलं होतं.

आता पाणी होतं ते मागे, ड्रममध्ये.

आप्पा डबा घेऊन ट्रेलरकडे गेले. एका ड्रमचं प्लास्टिक सोडलं, डबा बुडवला, आणून रेडिएटरमध्ये ओतला. पाणी आत गेलं आणि खालून आलं. काळ्या मातीने ते असं ओढून घेतलं, की ओल दिसायच्या आत गेलं. आप्पांनी दुसरा डबा ओतला. तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी मी ट्रेलरपुढे आडवी उभी राहिले.

"आप्पा, ताईचं पानी हाय ते!"

"मला म्हाईत न्हाई का?" आप्पा ओरडले. ते माझ्यावर कधी ओरडत नसत. मग एकदम खाली बसले, डबा मांडीत धरून. "पानी न्हाई ओतावं तर गाडी चालत न्हाई. आन् ओतावं तर घरी जाईतो ड्रम रिकामं. सांग काय करू?"

दोन्हीकडे लांबवर एक गाडी नाही, बैल नाही. बैल सगळे चारा छावणीत. मला जीपचा असा संताप आला, की तिला ओढ्यात ढकलून द्यावंसं वाटलं. घरी चुलीपुढची ताईची पाठ डोळ्यांपुढून हलेना. संध्याकाळपर्यंत पाणी पोचलं नाही तर निरोप सिरसाळ्याला जाणार, आणि मग पाऊस झाल्यावर बघू.

आप्पा रेडिएटरच्या फटीवरून बोट फिरवत होते. स्वतःशीच म्हणाले, "चिमूटभर हळद असती तर बसली असती ही."

ही काही गुप्त विद्या नव्हती. रेडिएटर गळायला लागलं की पाण्यात हळद कालवून ओतायची, गरम झाली की ती फटीत जाऊन बसते, हे त्या काळात रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक होतं. फक्त हळद सोबत घेऊन कुणी निघत नसे.

मी आत्याकडे बघितलं. आत्या आभाळाकडे बघत होती. आभाळात एकही ढग नव्हता, तरी ती बारकाईने बघत होती. पिशवी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, आभाळाकडे बघतच:

"आन् मूठभर असली तर?"

आप्पांनी मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"आक्का."

"काय आक्का?"

"मी काय म्हनलो होतो?"

"तू म्हनलास नवरीला हळद लावायची न्हाई," आत्या म्हणाली. "गाडीचं काय बोलला न्हाईस."

मला हसू फुटलं. वेळ हसायची नव्हती, पण ते थांबेना. आप्पा माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घालायला गेले आणि त्यांचंच तोंड वाकडं झालं. त्यांनी हात पुढे केला. आत्याने पुरचुंडी सोडली. काय रंग होता तिचा! त्या करपलेल्या रानात सगळ्यात ओली वस्तू तीच वाटत होती.

आप्पांनी डब्यात थोडं पाणी घेतलं, अर्धी हळद त्यात टाकली आणि बोटांनी कालवली. हात पार मनगटापर्यंत पिवळे झाले. ती रेडिएटरमध्ये ओतली, वर पाण्याने भरलं, आणि धावत जाऊन गाडीत बसले. "काढ!" मी दगड आणि धोंडे काढले. जीप उतारावरून ट्रेलरसकट घरंगळली, ओढ्याच्या तळाशी खोकली आणि सुरू झाली. मी दगड घेऊन मागून पळत गेले. पलीकडच्या चढाआधी आप्पांनी गाडी चालूच ठेवून थांबवली, आणि आम्ही तिघंही रस्त्यावर गुडघे टेकून खाली वाकून बघत राहिलो. पिवळी धार लागली होती. ती बारीक झाली. मग थेंब. मग एक थेंब बराच वेळ लोंबकळत राहिला आणि पडलाच नाही.

"बसली गं माय, बसली," आत्या म्हणाली आणि तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसली. आप्पा हसत होते. मी रडत होते. इतकं मोकळं मला त्या सबंध उन्हाळ्यात वाटलं नव्हतं.

घरी पोचेपर्यंत जीपला फोडणीच्या वरणाचा वास येत होता. वस्तीतली माणसं दारात येऊन नाक वर करून बघत होती. माय धावत बाहेर आली ती, "कुनाचं वरन करपलं?" असं विचारतच. मग तिला ड्रम दिसले. तिने लुगडं बाजूला सारून एका ड्रममध्ये हात घातला, कोपरापर्यंत घातला. त्या संध्याकाळी ती जीपला एकही शिवी न देता झोपली.

उरलेली पुरचुंडी आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून काढली आणि आत्याच्या हातात दिली.

"ऱ्हायलीय ही. ठेव."

"कुठं ठेवू?" आत्याने विचारलं.

"मला कावून इचारतीस?" असं म्हणून आप्पा जीपकडे गेले आणि पुढची काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती. तरी ते पुसत राहिले, घराकडे पाठ करून, चांगला वेळ. आत न्हाणीपाशी बायकांचा गलका चालला होता. आत्या ताईच्या हातांना, गालांना हळद लावत होती आणि ताई ओरडत होती, "पुरं गं आत्या, आप्पा येतील." आप्पा आले नाहीत. गलका थांबला, मायने खाकरून आवाज दिला, तेव्हा कुठे त्यांची काच पुसून झाली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. ताई पांढऱ्या साडीत इतकी देखणी दिसत होती, की मी दगडाचा राग विसरले. पंचशील चाललं होतं तेव्हा माझं लक्ष आप्पांच्या जोडलेल्या हातांकडे गेलं. घासून घासूनही बोटं पिवळीच होती, नखांच्या कडा तर पार केशरी. शेजारी ताईचे जोडलेले हात तसेच. व्याह्यांनी दोन्हींकडे बघितलं. जेवायला बसल्यावर त्यांनी पाण्याचा पेला उचलला, एका दमात संपवला आणि परत पुढे केला. "गोड पानी हाय," म्हणाले. आप्पांनी स्वतः वाढलं. पाणी सगळ्या पंगतींना पुरलं, आणि एका ड्रममध्ये उरलंसुद्धा.

पाठवणी जीपमधूनच होती. उताराच्या माथ्यावर जीप उभी, कुणीतरी बोनेटवर हार टाकलेला. जावई मागे त्यांच्या बहिणींबरोबर बसले. ताईही सवयीने मागे निघाली. आप्पा फेटा सावरत डाव्या बाजूला गेले. पुढच्या सीटवरचा टॉवेल उचलून त्यांनी खांद्यावर टाकला, दार उघडलं, दुसरा हात दाराच्या वरच्या कडेला धरला, चढताना डोकं आपटू नये म्हणून, आणि जरासं वाकून म्हणाले,

"बसा साहेब."

इतक्या वर्षांची सवय, ते तोंडातून गेलं. सगळे हसले. आप्पाही ओशाळून हसले. ताईला तेवढं हसता आलं नाही. ती साडी आवरत चढली आणि त्या सीटवर बसली, ताठ, आणि मग तिने तोंडावर पदर घेतला. माय माझ्या बाजूला उभी राहून हुंदके देत होती. आप्पा फिरून आपल्या जागी बसले.

"बारके, काढ."

मी खाली बसले. दगड काढायचा म्हणजे ताई जाणार. एरवी पायाने एक टोला दिला की काम व्हायचं, त्या दिवशी तो दोन्ही हातांनी ओढून काढला. जीप काहीच आवाज न करता घरंगळली, फाटकापाशी खोकली, सुरू झाली आणि वळणाआड गेली. धुळीत बराच वेळ हळदीचा वास राहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की दगड माझ्याच हातात आहे. आप्पा ताईला घेऊन, नव्या पाहुण्यांना घेऊन, बिनब्रेकचे सिरसाळ्याकडे निघाले होते.

जीप परत येईपर्यंत आम्हाला दुसरा विषय नव्हता. मायला वाटत होतं जीप व्याह्यांच्या ओसरीत शिरली असणार. आत्या म्हणत होती, रस्त्यात धोंड्यांची काय कमी हाय. मी दारात बसून होते. दिवस मावळायच्या आधी सायलेन्सरचा आवाज आला. जीप आली, उतारावर चढली, आणि मी दगड घेऊन पळाले. पण आप्पांनी हात केला. सीटखालून त्यांनी एक तांबूस, चपटा दगड काढून माझ्या हातात दिला.

"ह्यो लाव. चांगला बसतो. तुज्या ताईनं दिलाय."

"ताईनं?"

"तिच्या दारातला हाय," आप्पा म्हणाले आणि टॉवेलने तोंड पुसायला लागले. "उतारावरच घर हाय त्येंचं. मी ब्रेक दाबला, आन् मला याद आली दगड न्हाई. तवर हिनं दार उघडून उडी मारली. नवी साडी, गळ्यात हार. सगळं गाव बघतंय, सासू ओवाळायला दारात उभी, आन् आपली साहेब चाकाखाली दगड लावतीय."

"मंग? सासू काय म्हनली?" मायने घाबरून विचारलं.

"काय म्हनती? ताट खाली ठिवलं, आन् दुसऱ्या चाकाला तिनं लावला."